चार पायांवरचा मका

2014 साली जोनी अर्न्स्ट या उमेदवार बाईंनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात केली. त्यात त्या सांगतात की, मी आयोवातल्या शेतावर डुकरं खच्ची करत लहानाची मोठी झाले, तेव्हा वॉशिंग्टनला गेल्यावर ‘पोर्क’ कसं कापायचं ते मला बरोबर कळेल. शेवटी हसत हसत दम: त्यांना किंचाळायला लावू या! तोवर राज्याबाहेर या बाईंना फारसं कुणी ओळखत नव्हतं. जाहिरातीची देशभर चर्चा झाली आणि नोव्हेंबरात त्या सिनेटवर निवडून गेल्या. आयोवातून अमेरिकन संसदेत पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडे प्रचारात डुकराचं नाव निघालंच तर ते विरोधकाला हाणण्यासाठी. तिकडे ते उमेदवाराचं ओळखपत्र ठरलं. ही जाहिरात नीट कळायची तर दोन गोष्टी माहीत हव्यात: शेतकरी डुकराची पिल्लं खच्ची का करतो, आणि सरकारी पैशाला लोक पोर्क का म्हणतात. शेत आणि बोली या दोन्हींमागे मका उभा आहे, म्हणून सुरुवात मक्यापासून.

मका विकायचा कसा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायो नदीच्या खोऱ्यात नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांकडे मका उदंड होता आणि रस्ते नव्हते. एक बुशेल मका म्हणजे 56 पौंड, साधारण पंचवीस किलो. बैलगाडीभर मका डोंगर ओलांडून पूर्वेच्या शहरांत न्यायचा तर वाहतुकीतच त्याची किंमत संपायची. वाटा दोनच होत्या. मक्याची व्हिस्की करा, नाहीतर तो डुकराला घाला. व्हिस्कीला निदान पिंप लागतं. डुक्कर आपल्या पायांनी बाजारात जातं.

आणि ते खरंच चालत जायचं. 1828 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बंकम टर्नपाइक हा रस्ता झाला, तेव्हा टेनेसी आणि केंटकीचे कळप ॲशव्हिलवरून खाली साउथ कॅरोलायनाच्या कापूस मळ्यांकडे जाऊ लागले. एकेका कळपात शेकडो डुकरं, दिवसाची मजल आठ-दहा मैल. वाटेवरच्या मुक्कामांवर त्यांना मका विकणाऱ्यांचा वेगळा धंदाच उभा राहिला. डुक्कर म्हणजे दुसरं काय, चार पायांवरचा पंधरा-वीस बुशेल मका, असं तेव्हा म्हणत. हे नुसतं चटकदार बोलणं नव्हतं, हिशेब होता. बुशेलभर मक्यातून ढोबळमानाने दहा पौंड वजन वाढतं. म्हणजे पंचवीस किलोचा अवजड, स्वस्त माल साडेचार किलोच्या महाग मालात बदलतो, आणि तो मीठ लावून पिंपात भरला की महिनोन्‌महिने टिकतो.

ही पिंपं भरणारं शहर म्हणजे सिनसिनाटी. ओहायो नदीच्या काठावरच्या या शहराला लोक ‘पोर्कोपोलिस’ म्हणायचे. बर्फाची यंत्रं नव्हती, त्यामुळे कत्तल फक्त थंडीत. सगळं काम त्या चार महिन्यांत उरकायचं म्हणून ते वाटून दिलेलं. एकजण एकच काप घेणार, धड पुढे सरकणार, पुढचा पुढचा काप घेणार. चरबी तर डोंगरासारखी साठायची. 1837 मध्ये तिथल्याच एका मेणबत्तीवाल्याने आणि एका साबणवाल्याने त्या चरबीच्या जोरावर भागीदारी केली. दोघं साडू होते. नावं प्रॉक्टर आणि गॅम्बल. आपल्या घरात आज टाइड, एरियल किंवा व्हिस्पर येतं ते त्याच कंपनीचं.

यादवी युद्धाच्या काळात शिकागोने सिनसिनाटीला मागे टाकलं. 1865 च्या नाताळात तिथे युनियन स्टॉकयार्ड्स हा जनावरांचा अवाढव्य बाजार उघडला, तो थेट 1971 पर्यंत चालला. कत्तलखान्यात छताच्या रुळावरून सरकणारी धडं पाहून मोटारीच्या जुळणीची कल्पना सुचली, असं हेन्री फोर्डने स्वतः सांगून ठेवलं आहे. तिथे तुकडे सुटे होत जायचे, फोर्डने ते जोडत नेले, एवढाच फरक.

गहाण सोडवणारं जनावर

मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना या भागात, डुकराला ‘मॉर्टगेज लिफ्टर’ म्हणत. जमिनीवरचा बोजा उतरवणारं जनावर. गायीशी तुलना केली की कारण कळतं. गाय नऊ महिने गाभण राहणार, एक वासरू देणार, आणि ते विकण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष जाणार. डुकरीण 114 दिवसांत विते. तिकडचा शेतकरी हे ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असं पाठ करतो. एका वेताला आज दहा-बारा पिल्लं जगतात, आणि सहा महिन्यांत पिल्लू 280 पौंडांचं, म्हणजे सव्वाशे किलोच्या पुढे जाऊन बाजाराला तयार होतं. हप्ता वर्षाच्या आत भरायचा असेल तर दुसरा मार्ग कोणता?

शिवाय खाण्याची तक्रार नाही. लोणी काढलेलं दूध, भाजीचे देठ, खरकटं, सगळं चालतं. जुन्या शेतांवर गुरांना अख्खा मका घालत आणि त्यांच्या मागे डुकरं सोडत. शेणात जे न पचलेले दाणे पडायचे ते डुकरं वेचून खायची. त्या दाण्यांवर वाढलेलं मांस शेतकऱ्याला फुकटातच पडे. काही जण तर मका काढायच्या भानगडीतच पडत नसत, उभ्या पिकात कळप सोडून मोकळे होत.

इतक्या जवळून सांभाळलेल्या जनावराला एक नाव पुरत नाही. लहान असतं तोवर ‘पिग’, साधारण 120 पौंडांच्या पुढे गेलं की ‘हॉग’. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तिमाही अहवाल आजही ‘हॉग्ज अँड पिग्ज’ या जोडनावाने निघतो आणि त्यावर शिकागोचा वायदेबाजार हलतो. न व्यालेली मादी ‘गिल्ट’, व्यालेली ‘सो’, नर ‘बोअर’, आणि खच्ची केलेला नर ‘बॅरो’. बाजारात जाणारे नर जवळजवळ सगळे बॅरो. वयात आलेल्या नराच्या चरबीत काही द्रव्यं साठतात आणि मांस शिजवताना त्यांना उग्र दर्प सुटतो, गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून पिल्लू काही दिवसांचं असतानाच शेतकरी ते काम उरकतो. शेतावरच्या पोरांच्या वाट्याला हे काम ठरलेलंच. अर्न्स्टबाई बोलल्या ते त्याबद्दल.

त्याच वेळी कानही कापतात. ही पद्धत बघण्यासारखी आहे. पिल्लाच्या उजव्या कानावर वेताचा क्रमांक आणि डाव्या कानावर त्या वेतातला पिल्लाचा क्रमांक, पण आकडे न लिहिता. चिमट्याने कानाच्या कडेला लहान खाचा पाडायच्या. कानाच्या कोणत्या भागात खाच आहे त्यावरून तिची किंमत ठरते: 1, 3, 9, 27 किंवा 81. खाचांची बेरीज करायची. उजव्या कानावर 9, 3 आणि 1 च्या जागी एकेक खाच दिसली तर तेरावं वेत. डाव्यावर 3 ची एक आणि 1 च्या दोन खाचा असतील तर पाचवं पिल्लू. बिल्ला पडून जातो, रंग धुऊन जातो, खाच मरेपर्यंत राहते. जत्रेतल्या स्पर्धेसाठी डुक्कर पाळणारी शाळकरी मुलंही हे कान भराभर वाचतात.

कान कापणं त्याहून फार जुनं. वसाहतींच्या काळात डुकरं पिंजऱ्यात नसायचीच, जंगलात मोकाट सोडायची आणि ओकची फळं खाऊन त्यांनी आपली आपण वाढायचं. कुंपण घालायचं ते पिकाला. ‘रूट हॉग ऑर डाय’ ही म्हण त्या जगातली: माती उकर आणि खा, नाहीतर मर, तुला भरवायला कुणी येणार नाही. मग शरद ऋतूत कळप गोळा करताना कुणाचं कोणतं हे ओळखायचं कसं? प्रत्येक मालकाची कानाची खूण ठरलेली आणि ती सरकारदरबारी नोंदलेली. जनावराच्या कानावरची ही खूण म्हणजे ‘इअरमार्क’. आज अमेरिकन संसदेत एखाद्या खासदाराने आपल्या मतदारसंघातल्या पुलासाठी रक्कम राखून ठेवली की तिलाही इअरमार्कच म्हणतात. ही पद्धत 2011 मध्ये बंद केली होती, 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली.

त्याच व्यवहाराचं दुसरं, जरा हिणवणारं नाव ‘पोर्क बॅरल’. खारवलेल्या मांसाचं पिंप ही एके काळी घराची ठेव होती, पिंप भरलेलं असलं की हिवाळा निभावला. सरकारी तिजोरी म्हणजे असंच एक पिंप, आणि प्रत्येक खासदार हात घालून आपल्या भागासाठी तुकडा ओढतोय, ही कल्पना यादवी युद्धानंतरच्या दशकांत रुळली आणि नुसत्या ‘पोर्क’वर आली. म्हणजे अर्न्स्टबाईंच्या एका वाक्यात शेतावरचा चिमटाही आला आणि तिजोरीतलं पिंपही. आयोवातला मतदार दोन्ही ओळखतो. (दुसऱ्याच्या मतदारसंघातला पूल म्हणजे पोर्क आणि आपल्यातला म्हणजे विकास, हे मात्र तिकडेही आपल्यासारखंच.)

भाव चढतो, भाव पडतो

शेतकरी दरवर्षी एक भागाकार करतो: शंभर पौंड डुकराचा भाव भागिले बुशेलभर मक्याचा भाव. डुक्कर 60 डॉलर आणि मका 4 डॉलर असेल तर उत्तर 15. आकडा मोठा असला तर मका डुकराला घालणं परवडतं, लहान असला तर मका तसाच विकलेला बरा. सरळ वाटतं. घोळ असा की आज निर्णय घेऊन डुकरीण भरवली तर माल बाजारात यायला दहा महिने लागतात, आणि हाच भागाकार शेजारच्यानेही केलेला असतो. सगळे एकदम वाढवतात, भाव कोसळतो, सगळे एकदम कमी करतात, तुटवडा पडून भाव चढतो. हे चक्र साधारण चार वर्षांचं. लासलगावचा कांदा आठवला असेल तर बरोबर आठवला.

या चक्राचे दोन तळ अमेरिका विसरलेली नाही. पहिला महामंदीतला. 1933 मध्ये भाव सावरायला सरकारने साठ लाखांहून अधिक डुकरं विकत घेऊन मारून टाकली, त्यात बहुतेक लहान पिल्लं. काही मांस गरिबांना वाटलं, पण बरंचसं वाया गेलं. भुकेल्या लोकांच्या देशात हे पाहून जो संताप उसळला तो कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांना बराच काळ चिकटून राहिला. दुसरा तळ 1998 च्या डिसेंबरातला. डुकरं विक्रमी तयार झाली आणि त्याच सुमारास काही कत्तलखाने बंद पडलेले. माल दारात, कापायला जागा नाही. उत्पादनखर्च पौंडाला पस्तीस-चाळीस सेंट असताना भाव दहा सेंटांच्याही खाली गेला. पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळणाऱ्या हजारो घरांनी त्या हिवाळ्यात हा धंदा सोडला.

हिवाळ्यातला तो दिवस

बोलीत डुक्कर इतकं खोल का रुजलं, याचं उत्तर मला बाजारापेक्षा घरच्या कत्तलीच्या दिवसात दिसतं. दक्षिणेत आणि ॲपलेशियाच्या डोंगरात पहिली कडक थंडी पडली की शेजारीपाजारी एका घरी जमत. भल्यामोठ्या कढईत पाणी तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. फार तापलं तर केस सुटायच्या ऐवजी घट्ट बसतात. थर्मामीटर कुणाकडे असणार? पाण्यातून बोट झटकन तीनदा फिरवायचं. तिसऱ्यांदा सोसवत नसेल तर पाणी तयार. मग धड बुडवून केस खरवडायचे, मागच्या पायांच्या शिरांत दांडा घालून ते उलटं टांगायचं. मूत्रपिंडाभोवतीची पांढरीशुभ्र चरबी बायका वेगळी कढवत, ती पोळ्या-बिस्किटांसाठी राखीव. खाली उरलेला कुरकुरीत चोथा मक्याच्या भाकरीत. मूत्राशय फुगवून पोरांना खेळायला. मांड्या-खांदे मीठ चोळून धुराच्या खोलीत, हिकरीच्या लाकडाच्या धुरावर. जे टिकत नाही ते ताजं मांस मदतीला आलेल्यांच्या हातावर. ओरडण्याखेरीज काहीच वाया जात नाही, असं पुढे शिकागोचे कारखानदार फुशारकीने सांगू लागले, पण ते घराघरात आधीच चालू होतं.

कुणाला कोणता भाग मिळतो यावरून माणसाची पायरीही कळायची. मेरीलँडच्या मळ्यावर गुलामाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तितकेच मासे आणि एक बुशेल मक्याचं पीठ मिळे, असं तिथून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी लिहून ठेवलं आहे. पाठीचं आणि मांडीचं उत्तम मांस मालकाच्या घरी; पाय, आतडी, मान, पोटाखालची चरबी गुलामांकडे. ऐटीत राहणाऱ्याला आज ‘हाय ऑन द हॉग’ म्हणतात ते याच चढत्या भाजणीवरून, असं सांगतात. तो वाक्प्रचार छापात दिसतो तो विसाव्या शतकात, पण वाटणी मात्र शंभर टक्के खरी होती.

बाकीचे शब्द भराभर सांगता येतात. ‘हॉगवॉश’ म्हणजे डुकराला घालायचं खरकटं पाणी, त्यावरून बाता किंवा थापा. ‘हॉग वाइल्ड’ म्हणजे सुटल्यासारखं वागणं. ‘होल हॉग’ म्हणजे हातचं न राखता. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे कट्टर समर्थक होल हॉग म्हणून ओळखले जात. रस्ता अडवून चालणारा ‘रोड हॉग’. घरात एकट्यानेच रिमोट धरून ठेवला की तो हॉग केला. या सगळ्यांत डुकराचं पोट आणि हाव आहे. मराठीने या जनावराकडून घेतली ती मुसंडी, आणि ती रानडुकराची. ज्याचं जे जनावर नजरेसमोर, त्याची तशी बोली.

हार्ली-डेव्हिडसनची मोटारसायकल ‘हॉग’ कशी झाली याची गोष्ट वेगळी आहे. 1920 च्या आसपास कंपनीच्या शर्यतपटूंनी एक पिल्लू पाळलं होतं, जिंकल्यावर त्याला गाडीवर घेऊन फेरी मारायचे. कंपनीने 1983 मध्ये मालकांचा क्लब काढला तेव्हा त्याचं आद्याक्षरी नाव हॉग ठेवलं, 2006 पासून शेअर बाजारातली तिची खूणही तीच. पण या शब्दावर एकट्याने हक्क सांगायला गेली तिथे ती हरली. मोठ्या मोटारसायकलला लोक सर्रास हॉग म्हणतात, तो कुणा एकाचा नव्हे, असं अपील न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं.

आता डुकरं आहेत कुठे

आयोवाची लोकसंख्या बत्तीस लाख आणि तिथली डुकरं दोन कोटींच्या वर. माणशी सात. तरी त्या राज्यातून दिवसभर गाडी चालवली तर एकही दिसेलच असं नाही. दिसतात त्या पत्र्याच्या लांब, बुटक्या शेड, टोकाला मोठाले पंखे, शेजारी खाद्याची उभी टाकी. एका शेडमध्ये सुमारे 2,400 डुकरं. आत जायचं तर आंघोळ करून तिथले कपडे घालावे लागतात, कारण बाहेरचा एक विषाणू पुरतो. 2013 मध्ये शिरलेल्या अतिसाराच्या साथीने वर्षभरात सत्तर लाखांच्या आसपास पिल्लं गेली.

डुकरं पाळणारी शेतं 1980 च्या सुमारास साडेसहा लाखांहून अधिक होती. 2022 च्या शेतीगणनेत ती साठ हजारांवर आली, आणि डुकरं मात्र वाढली. बऱ्याच ठिकाणी जनावर कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याची फक्त शेड, आणि शेडवरचं कर्ज. बोजा उतरवणाऱ्या जनावरासाठीच आता बोजा चढवावा लागतो. मोबदल्यात ठरलेलं भाडं मिळतं, भाव पडला तरी झोप लागते आणि शेणखत आपल्या मक्याला होतं. 1998 पाहिलेल्या माणसाने हा सौदा पत्करला तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. शेजाऱ्यांचं काय हा प्रश्न मात्र उरतो. नॉर्थ कॅरोलायनात मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवून शेतांवर फवारतात. 1999 च्या फ्लॉइड वादळात त्यातली काही तळी पुरात बुडाली. आसपासच्या, बहुतांश कृष्णवर्णीय रहिवाशांनी दुर्गंधीविरुद्ध दावे लावले आणि 2018 मध्ये ज्यूरींनी स्मिथफील्ड फूड्सच्या उपकंपनीविरुद्ध कोट्यवधी डॉलरचे निकाल दिले. स्मिथफील्ड ही अमेरिकेतली सर्वांत मोठी डुकराच्या मांसाची कंपनी, 2013 पासून चिनी मालकीची.

आणि काही डुकरं तर कुणाच्याच मालकीची नाहीत. 1539 मध्ये हर्नान्दो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात काही डुकरं उतरवली. तेव्हापासून सुटलेल्यांचे वंशज, त्यांत शिकारीसाठी युरोपातून आणलेल्या रानडुकरांचं रक्त मिसळलेलं, आज साठ लाखांच्या घरात आहेत आणि तीसहून अधिक राज्यांत पिकं उकरतात. कोकणात किंवा विदर्भात भुईमुगाची राखण केलेल्याला याहून जास्त सांगायला नको. टेक्सासने 2011 मध्ये कायदा करून हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करायला परवानगी दिली, आणि त्याचं पर्यटनच झालं. मिझुरीने उलटं केलं. गोळी झाडली की दोन मरतात, बाकीचा कळप फुटून चार दिशांना पांगतो आणि प्रत्येक तुकडी नव्या जागी वाढते. म्हणून तिथल्या वन्यजीव खात्याने 2016 पासून आपल्या जमिनींवर या डुकरांच्या शिकारीलाच बंदी घातली. आता आठवडेच्या आठवडे मका टाकून अख्ख्या कळपाला एका ठिकाणी यायची सवय लावतात, आणि शेवटचं पिल्लू आत आल्याशिवाय सापळ्याचं दार पाडत नाहीत.